मार्गारेट बोफर्ट : तेराव्या वर्षी आई, बेचाळिसाव्या वर्षी राजमाता

रेवाकाठ

नोव्हेंबर १४८५. इंग्लंडच्या पार्लमेंटने एका विवाहित बाईसाठी खास कायदा केला. नवरा हयात असतानाही तिने आपल्या नावावर जमीन घ्यावी, विकावी, पट्ट्याने द्यावी, कोर्टात दावा लावावा, कशालाही नवऱ्याची संमती लागणार नाही. त्या काळी तिथे लग्न झालं की बायकोची जमीन नवऱ्याच्या ताब्यात जाई. अशी मोकळीक असायची ती फक्त राणीला. ही बाई राणी नव्हती, पुढेही कधी झाली नाही. ती राजाची आई होती.

मार्गारेट बोफर्ट, रिचमंडची काउंटेस. सातव्या हेन्रीची आई, आठव्या हेन्रीची आजी. गुलाबांच्या युद्धांची (इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या राजघराण्याच्या दोन शाखांमधली यादवी, मार्गारेट लँकेस्टरच्या बाजूची) ओळख ज्यांना मालिकांमधून झाली आहे त्यांना ती काळ्या कपड्यांतली, सतत गुडघे टेकून प्रार्थना करणारी आणि उठल्यावर कोणाचा तरी काटा काढणारी बाई म्हणून आठवत असेल. उलट ती गेल्यावर बिशप जॉन फिशरने दिलेल्या प्रवचनात ती जवळजवळ संतीण आहे. मला या दोन्ही बायका पटत नाहीत. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि कोणाच्या सहीने फिरते हे मार्गारेटला फार लहानपणी कळलं, कारण ती स्वतःच कोणाच्या तरी नावावर होती. पुढे तिने जे केलं ते या समजेतून केलं, असं माझं मत. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

जन्म ३१ मे १४४३, बेडफर्डशरमधल्या ब्लेट्सोला. वडील जॉन बोफर्ट, सॉमरसेटचे ड्यूक. फ्रान्सच्या मोहिमेत नाचक्की करून घेऊन परतले, राजाची मर्जी गेली, आणि लेक एक वर्षाची व्हायच्या आत वारले. जीव दिला अशी कुजबुज तेव्हाही होती. मार्गारेट एकुलती एक वारस. राजाकडून थेट जमीन मिळालेला सरदार अज्ञान वारस मागे ठेवून गेला की त्या मुलाचं पालकत्व राजाकडे जाई. राजा ते मर्जीतल्या माणसाला देई किंवा विकून टाकी. ज्याला मिळे त्याची चंगळ : मूल सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न त्याचं, आणि मुलाचं लग्न लावायचा हक्कही त्याचा. सहाव्या हेन्रीने ते सफकच्या ड्यूकला दिलं. सफकने तिला आपल्या मुलाला देऊन टाकलं, तेव्हा नवरा-नवरी दोघंही सहा-सात वर्षांची. १४५० मध्ये सफक देशोधडीला लागला आणि जहाजावरून पळताना समुद्रातच त्याचं मुंडकं उडवलं गेलं. १४५३ मध्ये राजाने ते लग्न रद्द करवलं आणि मुलगी आपल्या सावत्र भावांकडे, एडमंड आणि जॅस्पर ट्यूडरकडे सोपवली. राहायला मात्र ती या सगळ्या काळात आईजवळच होती, सावत्र भावंडांत.

या वळणाची तिने स्वतः सांगितलेली आठवण फिशरने नोंदवली आहे. सफकचा मुलगा की एडमंड, असा प्रश्न पडला तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने तिला सेंट निकोलसची प्रार्थना करायला सांगितलं. पहाटे तो बिशपच्या वेशात समोर आला आणि एडमंडचं नाव घेतलं. नऊ वर्षांच्या मुलीला खरंच कोणी विचारलं असेल का? मला शंका आहे. पण पुढे आयुष्यभर तिने पहिलं लग्न धरलंच नाही. तिच्या लेखी पहिला नवरा एडमंडच.

१४५५ मध्ये लग्न. ती बारा वर्षांची, तो पंचविशीचा. चर्चच्या नियमात मुलीचं लग्नाचं वय बारा, पण एवढ्या लहान मुलीशी लगेच संसार सुरू करू नये हा संकेत तेव्हाही होता. एडमंडने तो पाळला नाही. कारण सरळ आहे. बायकोला जिवंत मूल झालं की तिच्या जमिनीचं उत्पन्न नवऱ्याला तहहयात मिळे, मग ती मेली तरी. मूल नाही तर काही नाही. ते उत्पन्न खायला एडमंड राहिलाच नाही. वेल्समध्ये यॉर्कच्या माणसांनी त्याला पकडलं आणि नोव्हेंबर १४५६ मध्ये कार्मार्दनला तो प्लेगने गेला. सहा महिन्यांची गरोदर मुलगी दिराच्या, जॅस्परच्या आसऱ्याला पेम्ब्रोकच्या किल्ल्यात आली. २८ जानेवारी १४५७ ला तिथे हेन्री जन्मला. ती अजून चौदा वर्षांची व्हायची होती. फिशर सांगतो की ती मोठेपणीही चणीने लहानच होती, एवढ्याशा देहातून मूल जन्मलं हाच चमत्कार. यानंतर तिने दोनदा लग्न केलं. मूल पुन्हा झालं नाही.

आणि इथून मला ती खरी दिसायला लागते. बाळंतपणाला दोन महिने झाले नसतील, ती जॅस्परबरोबर बकिंगहॅमच्या ड्यूककडे गेली आणि त्याच्या धाकट्या मुलाशी, हेन्री स्टॅफर्डशी लग्न ठरवून आली. विधवा राहिली असती तर राजाने पुन्हा कोणाच्या तरी पदरात टाकली असती. स्टॅफर्ड धाकटा, त्याला वारसा असा फार नव्हता. पण बाप इंग्लंडमधला सर्वांत बलाढ्य सरदारांपैकी एक. १४५८ च्या जानेवारीत लग्न झालं. हा संसार चांगला झाला असावा. लग्नाचे वाढदिवस साजरे केल्याच्या नोंदी त्यांच्या जमाखर्चात सापडतात.

मुलगा मात्र गेला. १४६१ मध्ये टाउटनच्या लढाईत लँकेस्टर पक्ष झोपला, चौथा एडवर्ड राजा झाला, पेम्ब्रोक विल्यम हर्बर्टने घेतलं आणि किल्ल्याबरोबर चार वर्षांचा हेन्रीही. पुढच्या वर्षी हर्बर्टने त्याचं पालकत्व १,००० पौंड मोजून रीतसर विकत घेतलं. आईबाबतीत झालं तेच मुलाच्या बाबतीत. मार्गारेटने आकांडतांडव केलं नाही. पत्रं लिहीत राहिली, १४६७ मध्ये नवऱ्याबरोबर हर्बर्टच्या रॅग्लन किल्ल्यावर आठवडाभर राहून आली. १४६८ च्या डिसेंबरात एडवर्ड राजा वोकिंगजवळ शिकारीला आला तेव्हा तिने त्याला मेजवानी दिली. नवे कपडे शिवले, लंडनहून भांडी मागवली, ऑयस्टर वाढले. ज्याने आपलं मूल विकलं त्याला.

१४७० मध्ये सहावा हेन्री पुन्हा गादीवर आला तेव्हा मायलेकरांना काही आठवडे एकत्र मिळाले. पुढचं वर्ष भयानक. एप्रिलमध्ये बार्नेटला स्टॅफर्ड जखमी झाला (तोवर तो एडवर्डच्या बाजूला गेला होता), मे महिन्यात ट्यूक्सबरीला तिच्या चुलत भावांचा आणि लँकेस्टरच्या युवराजाचा निकाल लागला, त्याच महिन्यात सहावा हेन्री लंडनच्या टॉवर या किल्ल्यात मेला. जॅस्पर चौदा वर्षांच्या पुतण्याला घेऊन टेन्बीहून जहाजाने निसटला तो फ्रान्सलगतच्या ब्रिटनीत पोचला. ऑक्टोबरमध्ये स्टॅफर्ड गेला. मुलाला ती पुन्हा पाहणार होती ती चौदा वर्षांनी.

आठ महिन्यांत तिने तिसरं लग्न केलं. थॉमस स्टॅनली, लँकेशरचा मातब्बर, एडवर्डच्या दरबारातला आणि कोणत्याही लढाईला वेळेवर न पोचण्यात तरबेज. हे लग्न म्हणजे करार होता. त्याला तिच्या इस्टेटीचं उत्पन्न, तिला दरबारात जागा. ती जागा तिने वापरली. १४८० मध्ये एडवर्डच्या धाकट्या लेकीच्या बाप्तिस्म्यात बाळ मार्गारेटच्या हातात होतं. १४८२ च्या जूनमध्ये राजाशी करार झाला की हेन्री परत आला तर त्याला आजीच्या मालमत्तेतला वाटा मिळेल. माफीनाम्याचा मसुदाही तयार झाला.

हे १४८२ चं प्रकरण लक्षात ठेवा. मुलगा जन्मल्यापासून तिला त्याच्या डोक्यावर मुकुट दिसत होता, असं जे रंगवतात त्यात तथ्य असतं तर ती त्याला यॉर्कच्या राजाचा सरदार म्हणून परत आणायला निघाली नसती. तिला मुलगा घरी आणि त्याची जमीन त्याच्या नावावर हवी होती.

९ एप्रिल १४८३ ला एडवर्ड अचानक मेला आणि पट उधळला. धाकट्या भावाने पुतण्यांना टॉवरमध्ये ठेवून स्वतःला तिसरा रिचर्ड म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. ६ जुलैच्या त्या समारंभात नव्या राणीच्या झग्याचा घोळ धरून मागे चालत होती मार्गारेट. काही आठवड्यांत ती त्याच राजाविरुद्ध कट करत होती. एडवर्डची विधवा एलिझाबेथ वूडव्हिल वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आश्रयाला होती, भोवती पहारा. दोघींचा वैद्य एकच, लुइस कार्लियन नावाचा वेल्श माणूस. वैद्याला कोण अडवणार? त्याच्या तोंडून सौदा ठरला : हेन्रीने एलिझाबेथच्या मोठ्या मुलीशी लग्न करायचं, दोन्ही पक्षांनी मिळून रिचर्डला काढायचं. मार्गारेटचा कारभारी रेजिनाल्ड ब्रे पैसे आणि माणसं जमवत फिरत होता.

ऑक्टोबरचं बंड फसलं. त्यात सामील झालेला बकिंगहॅम (तिच्या दुसऱ्या नवऱ्याचा पुतण्या) सॅलिसबरीला मारला गेला. १४८४ च्या पार्लमेंटने मार्गारेटला राजद्रोही बंडखोराची आई म्हणून दोषी ठरवलं, पण जीव घेतला नाही. रिचर्डला स्टॅनली हवा होता, म्हणून तिची सगळी मालमत्ता स्टॅनलीला दिली आणि तिला नोकरांशिवाय बंद ठेवायचं कामही त्यालाच. थोडक्यात, कैदी तिच्याच नवऱ्याच्या घरी. निरोप जातच राहिले.

७ ऑगस्ट १४८५ ला हेन्री मिलफर्ड हेवनजवळ उतरला, २२ ऑगस्टला बॉझवर्थला रिचर्ड पडला. राज्याभिषेकाला ती ढसाढसा रडली. फिशर म्हणतो, आनंदाने नव्हे तर भीतीने : सुखात असली की तिला पुढच्या संकटाची धास्ती वाटे. आणि मग आला वर सांगितलेला कायदा. हेन्रीला आईने काय मागितलं असेल हे ओळखायला फार डोकं लागत नाही.

इथे थांबते. पुढची चोवीस वर्षं प्रतिसादांत बोलू.

गोदातीर

मस्त धागा. एक शंका. या बोफर्ट लोकांचा गादीवर हक्क नेमका काय होता? हेन्री ट्यूडरचे आजोबा साधे वेल्श गृहस्थ होते ना?

रेवाकाठ

आजोबा ओवेन ट्यूडर, पाचव्या हेन्रीच्या विधवेशी त्यांनी लग्न केलं म्हणून एडमंड आणि जॅस्पर राजाचे सावत्र भाऊ. त्या बाजूने इंग्लिश गादीवर हक्क शून्य. जो काही होता तो मार्गारेटकडून. तिसऱ्या एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट, त्याचे कॅथरीन स्विनफर्डशी लग्नाआधीचे संबंध, त्या मुलांना बोफर्ट हे नाव. नंतर लग्न झालं, १३९७ मध्ये मुलं औरस ठरली. पण १४०७ मध्ये चौथ्या हेन्रीने त्यात 'राजपद सोडून' एवढी पुस्ती जोडली. ती पार्लमेंटच्या मूळ ठरावात नव्हती, तेव्हा राजाला ती परस्पर घालता येते का यावर वकील लोक अजून भांडू शकतील. एकूण हक्क फाटकाच होता. बाकीचे सगळे मेल्यामुळे तो दिसायला लागला.

नाठाळ_नंदू

म्हणजे गादीवर हक्क आईचा, बसला मुलगा. बाईंनी स्वतःच का नाही दावा केला?

रेवाकाठ

कोणी सुचवल्याचंही दिसत नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी पहिल्या हेन्रीच्या मुलीने, मटिल्डाने केला होता, यादवी माजली. पण १४९९ पासून तिने सही बदलली, आधी रिचमंड लिहायची ते 'मार्गारेट आर' लिहायला लागली. आर म्हणजे रिचमंड की राणी, तुमचं तुम्ही ठरवा. :)

अबोली७२

वाचून पोटात कालवलं हो. तेरा वर्षांची पोर. ती स्वतः यावर कधी काही बोलली का? की त्या काळात असंच चालायचं म्हणून गप्प?

रेवाकाठ

अबोलीताई, थेट नाही. पण एक प्रसंग आहे आणि तिच्या अख्ख्या चरित्रात मला तो सर्वांत बोलका वाटतो. १४९८ मध्ये हेन्रीच्या मोठ्या मुलीचं, मार्गारेटचं (आजीचंच नाव) लग्न स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सशी करायचं घाटत होतं. मुलगी आठ वर्षांची, जेम्स पंचविशीचा. स्पेनचा वकील आयाला याने हेन्रीचं म्हणणं आपल्या राजा-राणीला कळवलं आहे. हेन्री म्हणाला की माझी बायको आणि आई दोघीही या लग्नाच्या फार विरोधात आहेत. लग्न झालं की मुलीला लगेच धाडावं लागेल, आणि स्कॉटलंडचा राजा थांबणार नाही, तिला इजा होईल, अशी त्यांना भीती आहे.

वयांचा हिशेब बघा. आजीच्या स्वतःच्या लग्नात बारा आणि पंचवीस. मुलगी गेली ती १४ व्या वर्षात, १५०३ मध्ये. जाताना आजीच्या कॉलीवेस्टनच्या वाड्यावर मुक्काम होता आणि आजीने तो दणक्यात केला. मुलीची आई तोवर वारली होती.

अबोली७२

_/\_ बाकी काही बोलत नाही.

नाठाळ_नंदू

पण त्याच स्पॅनिश वकिलांच्या पत्रांत सासूबाईंबद्दल तक्रारी आहेत ना? राणी बिचारी दबून असते वगैरे?

शेवंती_पुणे

नंदूशेठ, पाचशे वर्षांपूर्वीच्या परक्या देशातही तुम्हाला सासू-सून सापडलीच!

रेवाकाठ

आहेत, त्यात तथ्यही असावं. स्पॅनिश दूतांपैकी एकाने लिहिलंय की राणी लोकांना प्रिय आहे पण सत्ता तिच्या हाती नाही, आणि याला राजाची आई कारण आहे. मार्गारेटच्या खोल्या बऱ्याच वाड्यांत मुलाच्या खोल्यांना लागून असत. समारंभात ती राणीच्या जेमतेम पाऊलभर मागे, कपडे जवळपास तसेच. एलिझाबेथ ऑफ यॉर्कला (वूडव्हिलची मोठी मुलगी, सौद्याप्रमाणे हेन्रीने तिच्याशीच लग्न केलं) हे रोज गोड लागत असेल असं मी म्हणणार नाही.

पण सून ही एका राजाची मुलगी, दुसऱ्याची बहीण, तिसऱ्याची पुतणी. तिला दबवून ठेवण्यात राजकारण होतं, घरगुती खाष्टपणा कमी. तिच्या हातात फार काही दिलं की लोक म्हणाले असते, राज्य खरं हिचंच. आणि नातीच्या बाबतीत दोघी एका बाजूला उभ्या राहिल्या तेव्हा राजाला ऐकावं लागलं.

मोडी_वाचक

जमाखर्चाबद्दल सांगा की. मालमत्ता केवढी होती आणि ती कशी चालवायची?

रेवाकाठ

हाच तर आवडीचा विषय. इंग्लंड-वेल्सभर पसरलेल्या जहागिरी, वसुलीचे कारभारी वेगवेगळे, वर तिचं स्वतःचं मंडळ. ब्रे तर इतका तयार झाला की १४८५ नंतर हेन्रीने त्याला सरकारी तिजोरीच्या कामाला उचलून नेला. सातव्या हेन्रीची चिकाटीने एकेक पेनी वसूल करण्याची जी ख्याती आहे त्याची शाळा आईच्या कचेरीत भरली होती, असं मला वाटतं. तिच्या घराण्याचं फ्रान्सच्या ऑर्लेआं घराण्याकडे जुन्या खंडणीचं येणं होतं, पिढ्यान्‌पिढ्या थकलेलं. ते तिने वर्षानुवर्षं उकरून काढलं आणि मुलाला परराष्ट्र व्यवहारात त्याचा पाठपुरावा करायला लावला.

१४९९ च्या सुमारास नवऱ्याच्या संमतीने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि नॉर्थॅम्प्टनशरमध्ये कॉलीवेस्टनला स्वतंत्र बिऱ्हाड केलं. स्टॅनलीसाठी तिथे खोल्या राखलेल्या असत, भांडण नव्हतं. तिथूनच तिने राजाच्या वतीने मध्य इंग्लंडचे तंटे सोडवले. वाड्यात कचेरी होती आणि तुरुंगही. एका बाईच्या हातात न्यायदान, हे त्या कायद्याइतकंच विलक्षण आहे.

खडूस

सगळं ठीक. पण टॉवरमध्ये ठेवलेल्या आणि तिथेच नाहीशा झालेल्या त्या दोन पोरांचं, रिचर्डच्या पुतण्यांचं काय? ज्याचा फायदा त्याचा गुन्हा. रिचर्डने पुतण्यांना आधीच अनौरस ठरवलं होतं, त्याला मारायची गरज नव्हती. हेन्रीला मात्र दोघंही मेलेलेच हवे होते. बाईंचा नवरा दरबारात मोठ्या पदावर, पैसा मुबलक. यांना सूट का?

रेवाकाठ

अहो खडूस, या प्रश्नाची वाटच बघत होते. तिच्याकडे बोट दाखवणारा जुना आवाज जॉर्ज बक या इतिहासकाराचा, तो १६१९ च्या सुमारास लिहितो, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त उशिरा. रिचर्डच्या हयातीत आणि लगेच नंतर जे संशय नोंदले गेले ते रिचर्डवर, काही ठिकाणी बकिंगहॅमचंही नाव. कोणाच्याही तोंडी तिचं नाव नाही, आणि तिचे शत्रू कमी नव्हते. रिचर्डने १४८४ मध्ये तिच्यावरचे आरोप पार्लमेंटसमोर ठेवले. पैसे पाठवले, बंड रचलं, पत्रव्यवहार केला, सगळं आहे. राजपुत्रांबद्दल अक्षर नाही. हातात एवढं मोठं हत्यार असतं तर त्याने ते वापरलं नसतं?

टॉवरचा ताबा राजाच्या माणसांकडे. आणि 'अनौरस ठरवलं, मग गरज काय' हे म्हणाल तर त्यांना सोडवायचे बेत १४८३ च्या उन्हाळ्यातच शिजत होते. अनौरस ठरवलेली मुलं पुढच्या पार्लमेंटने औरसही ठरवली असती. त्यांच्या बहिणीला, एलिझाबेथ ऑफ यॉर्कला १४८५ मध्ये तसं ठरवलंच.

खडूस

पुरावा नाही म्हणजे निर्दोष नाही. माझा संशय कायम.

रेवाकाठ

ठेवा. पण मग तो सगळ्यांवर सारखा ठेवा.

केमकाठी

इथे केंब्रिजला राहतो म्हणून थोडी भर. ख्राइस्ट्स आणि सेंट जॉन्स, दोन्ही कॉलेजांच्या दरवाज्यांवर हिचं चिन्ह कोरलेलं आहे. बोकडासारखा, ठिपके-ठिपके असलेला एक काल्पनिक प्राणी, दोन बाजूंनी ढाल धरून उभा, भोवती डेझीची फुलं. शिवाय किल्ल्याच्या दारात वरून खाली सोडतात ते लोखंडी जाळीचं दार, ते बोफर्ट घराण्याचं. तेच आज ब्रिटिश पार्लमेंटचं चिन्ह आहे, आणि २००८ पर्यंत पाडल्या जाणाऱ्या एक पेनीच्या नाण्यावर होतं. खिशात घेऊन फिरत होतो, माहीत नव्हतं कोणाचं ते.

आणि आपल्या माणसाचा संबंध : रँग्लर परांजपे सेंट जॉन्सचे! १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले आले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय, मग तिथलेच फेलो, आणि पुढे पुण्याला फर्ग्युसनचे प्राचार्य. मुर्डीच्या मुलाला या बाईच्या मृत्युपत्राचा असा फायदा झाला.

शेवंती_पुणे

अरे वा, हे ठाऊक नव्हतं! मुलींना पण घ्यायचे का तिथे?

केमकाठी

छे. सेंट जॉन्समध्ये पदवीच्या वर्गात मुली आल्या १९८२ मध्ये. बाईच्या पैशांवर चाललेल्या कॉलेजात बाईला दार उघडायला पावणेपाचशे वर्षं लागली. ऑक्सफर्डला मात्र १८७८ मध्ये मुलींसाठी पहिलं कॉलेज काढलं त्याला हिचंच नाव दिलं, लेडी मार्गारेट हॉल.

गोदातीर

शिक्षणाकडे ती वळली कशी? स्वतः शिकलेली होती?

रेवाकाठ

फ्रेंच उत्तम. लॅटिन प्रार्थनापुस्तकातले मथळे कळण्याइतपत, आणि पुढे न शिकल्याची खंत तिने बोलून दाखवल्याचं फिशर सांगतो. फ्रेंचमधून दोन धार्मिक पुस्तकं तिने इंग्रजीत आणली, ती तिच्या हयातीत छापलीही गेली. कॅक्स्टन आणि त्याच्यानंतर विन्किन डी वर्ड या छापखानेवाल्यांना तिचा आश्रय होता. छपाई इंग्लंडात येऊन जेमतेम पंधरा-वीस वर्षं होत होती तेव्हाची गोष्ट.

केंब्रिजकडे वळवलं फिशरने. तो तिचा धर्मगुरू, यॉर्कशरच्या बेव्हर्लीमधल्या व्यापाऱ्याचा मुलगा. तिचा पैसा वेस्टमिन्स्टर ॲबीत मंत्र म्हणवण्याकडे चालला होता, याने सांगितलं की तिथे आधीच भरपूर आहे, विद्यापीठाला द्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे धर्मशास्त्राचं प्राध्यापकपद तिने काढलं, ती पदं तिच्या नावाने आजही चालू आहेत. १५०५ मध्ये गॉड्स हाउस नावाच्या डबघाईला आलेल्या संस्थेचं ख्राइस्ट्स कॉलेज केलं, तिथे स्वतःसाठी खोल्या राखल्या. एक गोष्ट सांगतात, सतराव्या शतकात लिहिलेली आहे म्हणून मिठाची चिमूट घेऊन वाचा : खिडकीतून पाहते तर डीन एका विद्यार्थ्याला बडवतोय. ती वरून लॅटिनमध्ये म्हणाली, हळू, हळू. 'मारू नका' नव्हे, हळू मारा.

नाठाळ_नंदू

हाहा. तेवढीच दया.

शेवंती_पुणे

आणि मुलाशी नातं? चौदा वर्षं न बघितलेल्या माणसाला 'माझं बाळ' कसं म्हणायचं?

रेवाकाठ

त्यांची काही पत्रं टिकली आहेत. हेन्री तसा तुसडा, संशयी, हिशेबी, पण आईला लिहिताना लोण्यासारखा. एका पत्रात हाताने लांबलचक लिहिल्यावर माफी मागतो की नजर कमी झाल्यामुळे मजकूर पुरा करायला तीन दिवस लागले. तिचं एक पत्र त्याच्या वाढदिवसाला लिहिलेलं आहे. खाली तारीख घालताना तिने लिहिलंय, सेंट ॲग्नेसचा दिवस, ज्या दिवशी मी माझ्या एकुलत्या लाडक्या मुलाला या जगात आणलं. पेम्ब्रोकमधला तो जानेवारी पन्नाशी उलटल्यावरही तिला सणासारखा आठवत होता, हे मला चकित करतं. आणि पत्राचा विषय? ती फ्रान्सकडची थकबाकी.

मोडी_वाचक

:)) शोभतं. आणि स्टॅनली? बॉझवर्थला त्याने नेमकं काय केलं?

रेवाकाठ

थॉमस स्टॅनली फौज घेऊन बाजूला उभा राहिला, त्याचा मुलगा रिचर्डकडे ओलीस होता. निर्णायक धाव घातली ती त्याचा भाऊ विल्यम स्टॅनलीने, रिचर्ड थेट हेन्रीवर चालून गेला तेव्हा. बक्षीस म्हणून थॉमस डर्बीचा अर्ल झाला आणि १५०४ मध्ये अंथरुणात मेला, त्या पिढीत हे भाग्य थोड्यांना. विल्यमचं मात्र पर्किन वॉरबेक या तोतया राजपुत्राच्या भानगडीत नाव आलं आणि १४९५ मध्ये हेन्रीने त्याचं डोकं उडवलं. ज्याने जीव वाचवला त्याचं. मार्गारेट दिरासाठी मध्ये पडल्याचं वाचलेलं नाही.

अबोली७२

शेवट कसा झाला तिचा? मुलाआधी की नंतर?

रेवाकाठ

नंतर. २१ एप्रिल १५०९ ला हेन्री रिचमंडला गेला. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीत तिचं नाव सर्वांत वर होतं. नातू अठराचा व्हायला दोन महिने कमी होते. त्या काळात मंत्रिमंडळ कोणाचं असावं हे ठरवण्यात तिचा हात होता. २४ जूनला आठव्या हेन्रीचा राज्याभिषेक, २८ ला त्याला अठरा पूर्ण, २९ ला ती वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात गेली. तिच्या पदरी वाढलेल्या हेन्री पार्करने लिहून ठेवलंय की हंसाच्या पिलाचं मांस खाल्ल्यावर तिची तब्येत बिघडली. ॲबीतच टोरिजानो या इटालियन शिल्पकाराने घडवलेली ब्राँझची समाधी आहे, सुरकुतलेले हात जोडलेली म्हातारी. समाधीवरचा लेख डच विद्वान इरॅस्मसचा.

केमकाठी

सेंट जॉन्स मग मेल्यावर उभं राहिलं?

रेवाकाठ

हो, आणि नातवाच्या नाकावर टिच्चून. सेंट जॉन नावाच्या जुन्या धर्मार्थ इस्पितळाचं कॉलेज करायची तिची इच्छा होती, पण मृत्युपत्रात ते नीट बसलं नव्हतं. आठव्या हेन्रीने वारस म्हणून जमिनी मागितल्या आणि बऱ्याचशा घेतल्याही. फिशरने राजा, पोप, स्थानिक बिशप सगळ्यांशी झगडून १५११ मध्ये सनद मिळवली. ठरलं होतं त्यापेक्षा खूप कमी उत्पन्नावर कॉलेज सुरू झालं.

त्याच फिशरने पुढे हेन्रीच्या घटस्फोटाला विरोध केला, राजा चर्चचा प्रमुख आहे हे मान्य केलं नाही, आणि २२ जून १५३५ ला टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. हुकूम मार्गारेटच्या नातवाचा.

खडूस

आता तिच्यावर ढकलू नका म्हणजे झालं.